मोटरसायकलचे हँडल : आकार, बदल आणि परिणाम

मोटरसायकलचे हँडल म्हणजे वाकवलेली पोकळ नळी. पुढच्या दोन शॉकअपना वरच्या टोकाशी जोडणाऱ्या जाड पट्टीला गॅरेजच्या भाषेत ‘टी’ म्हणतात. या टीवरच्या दोन क्लॅम्पमध्ये ही नळी आवळून बसवलेली असते. नळीच्या उजव्या टोकाला ॲक्सिलेटर आणि पुढचा ब्रेक असतो, डाव्या टोकाला क्लच. त्यांच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे स्विचबॉक्स, त्यांच्यालगत आरसे आणि बऱ्याच गाड्यांत नळीच्या अगदी टोकाला लहानशी लोखंडी वजने असतात. इंजिन, चाके, टाकी, सीट यांतले काहीही न बदलता फक्त ही नळी बदलली, तरी गाडी लांबून वेगळी दिसू लागते. गाडीची बाह्यरेषा तर बदलतेच, शिवाय तिच्यावर माणूस कसा बसलेला दिसतो हेही हँडलच ठरवते. गाडीला आपल्या पसंतीचा तोंडवळा देऊ पाहणारे बहुतेक जण म्हणूनच हँडलपासून सुरुवात करतात.

एका नळीने किती फरक पडतो हे रॉयल एनफील्डच्या दोन गाड्यांवरून कळते. इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५० या २०१८ साली भारतात विक्रीला आल्या. दोन्हींत ६४८ सीसीचे तेच जोडसिलिंडरी इंजिन आहे. इंटरसेप्टरला रुंद, उंच, मधे आडवी कांब असलेले हँडल आहे. तिच्यावर माणूस ताठ बसतो. जीटीला शॉकअपच्या नळ्यांना धरून बसणारे दोन बुटके तुकडे आहेत, फूटरेस्ट थोडे मागे आहेत आणि चालक पुढे वाकतो. पहिली गाडी दिवसभराच्या प्रवासाची वाटते, दुसरी शर्यतीची. टाकी आणि सीट वेगळी असली, तरी दोन गाड्यांचा स्वभाव मुख्यतः हात कुठे ठेवायचे यावरूनच वेगळा झाला आहे.

आकार कुठून आले

आज दुकानात टांगलेले हँडलचे बहुतेक आकार आधी कुठल्या तरी कामासाठी घडले. त्यांची फॅशन नंतर झाली. सुरुवातीच्या मोटरसायकलींनी हँडल सायकलीकडूनच घेतले होते. वेग वाढला आणि शर्यती सुरू झाल्या, तशी वाऱ्याखाली वाकून बसण्याची गरज निर्माण झाली आणि हँडल खाली उतरले. एकसंध नळी काढून टाकून प्रत्येक शॉकअपच्या नळीवर स्वतंत्र आखूड दांडी बसवायची, ही क्लिप-ऑनची पद्धत शर्यतीच्या मैदानातली आहे.

ही ढब रस्त्यावर आणली ती १९५० आणि १९६०च्या दशकांतल्या ब्रिटिश तरुणांनी. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर १९३८ साली सुरू झालेले एस कॅफे त्यांच्या अड्ड्यांपैकी सर्वात प्रसिद्ध. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात त्याची इमारत उद्ध्वस्त झाली, १९४९ साली ती पुन्हा उभी राहिली, १९६९ साली कॅफे बंद पडले आणि २००१ साली परत उघडले. अशा कॅफेंमधून एकमेकांशी शर्यती लावत सुटणाऱ्या गाड्यांना ‘कॅफे रेसर’ हे नाव पडले. बुटके हँडल, लांबट टाकी आणि एकट्यापुरती सीट ही त्यांची ओळख. ज्याला क्लिप-ऑन नको असत किंवा परवडत नसत, त्याच्यासाठी क्लबमन हँडल होते. हे नेहमीच्याच क्लॅम्पमध्ये बसते, पण आधी पुढे जाऊन मग खाली उतरते, त्यामुळे मुठी जवळजवळ क्लिप-ऑनइतक्याच खाली येतात.

अमेरिकेत प्रवाह उलट दिशेने गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या हौशी लोकांनी जड हार्ले-डेव्हिडसन गाड्यांचे मडगार्ड आणि इतर भाग कापून त्या हलक्या केल्या. पुढे पुढचे शॉकअप लांब करण्याची टूम निघाली आणि चॉपर जन्माला आली. शॉकअप लांब आणि तिरके झाले की पुढचे चाक दूर जाते आणि चालक मागे रेलून बसतो. मग हात पोचायचे तर हँडल वर आणि मागे यायला हवे. त्यातून ‘एप हँगर’ आले. फांदीला लोंबकळणाऱ्या वानरासारखे हात वर जातात म्हणून हे नाव. १९६९च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने चॉपर जगभर पोचवली. त्यातल्या गाड्यांच्या घडणीत क्लिफ व्हॉझ आणि बेन हार्डी या आफ्रिकी-अमेरिकी कारागिरांचा मोठा वाटा होता.

बाकीच्या आकारांचीही अशीच कुळकथा आहे. मातीच्या गोल ट्रॅकवर मागचे चाक घसरवत वळणाऱ्या गाडीला सावरायला जास्त जोर लागतो, म्हणून ट्रॅकर हँडल रुंद असते. सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीत वळायचे नसते, नुसते पुढे झुकून धरायचे असते, म्हणून ड्रॅग हँडल जवळजवळ सरळ कांबीसारखे असते. उड्या मारणाऱ्या मोटोक्रॉस गाडीचे हँडल पडताना वाकू नये म्हणून त्याला मधे आडवी कांब जोडलेली असते. ती आडवी कांब आणि तिच्यावरचा फोमचा गोळा आज कधी मातीत न गेलेल्या गाड्यांवरही दिसतो.

महाराष्ट्रात बुलेट, ॲव्हेंजर, आरएक्स १०० अशा गाड्यांवर हे सगळे आकार चढवले जातात. पुण्यातल्या नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात ते रांगेने टांगलेले असतात. गोव्यात २०१३ साली सुरू झालेल्या इंडिया बाइक वीकमध्ये तर खास घडवलेल्या गाड्या पाहायलाच गर्दी होते. दुकानातला आकार आपल्या गाडीला आणि आपल्या रस्त्याला चालेल का, हे मात्र चार मापांवरून ठरते.

चार मापे

पहिले माप उंची. क्लॅम्पमध्ये धरलेल्या मधल्या भागापासून मुठी किती वर किंवा खाली आहेत, ते. दुसरे रुंदी, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर. तिसरे माप मुठी चालकाकडे किती मागे येतात याचे. चौथे त्यांच्या तिरकसपणाचे. मूठ अगदी आडवी असते, की सायकलीच्या जुन्या हँडलसारखी मागे वळलेली असते, यावर मनगटाचा कोन अवलंबून असतो.

ही मापे एकमेकांत गुंतलेली असतात. उंच हँडल क्लॅम्पमध्ये थोडे मागे फिरवले तर मुठी मागे येतात, पण त्याचबरोबर खालीही येतात आणि त्यांचा कल बदलतो. हँडल न बदलता केवळ उंची हवी असेल, तर क्लॅम्पखाली राइझर नावाचे ठोकळे बसवता येतात. रूप फारसे बदलत नाही, पण लांब पल्ल्याला पाठ दुखणाऱ्या चालकाचे काम तेवढ्यानेही भागते.

हँडल हा तरफेचा दांडा

हँडलची रुंदी दिसण्याइतकीच वळवण्याशीही निगडित आहे. टीच्या मध्यापासून तळहाताच्या मध्यापर्यंतचे अंतर हा तरफेचा दांडा. तो जितका लांब, तितका जोर कमी लागतो. समजा, एका गाडीवर हे अंतर ३५ सेंमी आहे आणि दुसरीवर २८ सेंमी. पहिल्या गाडीवर ४ किलोच्या जोराने जे काम होते, त्यासाठी दुसरीवर ५ किलोचा जोर लावावा लागतो. त्याबदल्यात रुंद हँडलवर हात जास्त फिरतो. हँडल ३५ अंशांनी वळवायचे, तर पहिल्या गाडीवर मूठ सुमारे २१ सेंमी सरकते, दुसरीवर सुमारे १७ सेंमी.

वेगात मात्र हँडल इतके फिरवले जात नाही. ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या पुढे मोटरसायकल मुख्यतः कलून वळते आणि ती कलवण्यासाठी हँडलला उलट दिशेने दाब द्यावा लागतो. उजवीकडे वळायचे असेल, तर उजवी मूठ पुढे ढकलायची. पुढचे चाक क्षणभर डावीकडे जाते, गाडी उजवीकडे झुकते आणि वळण सुरू होते. बहुतेक चालक हे नकळत करत असतात. या क्षणभराच्या ढकलण्यात दांड्याची लांबी जाणवते. घाटातल्या एकापाठोपाठ येणाऱ्या नागमोडी वळणांवर रुंद हँडलची गाडी हलक्या हाताने कूस बदलते, आखूड हँडलच्या गाडीला दर वेळी खांद्यातून जोर द्यावा लागतो. याउलट, मुंबईच्या वाहतुकीत दोन रिक्षांमधल्या फटीतून जाताना रुंद हँडलचे टोक आधी अडते.

वजनाची वाटणीही बदलते. हँडल खाली आणि पुढे नेले की धड पुढे येते आणि पुढच्या चाकावर भार वाढतो. वळणात त्या चाकाची पकड अधिक जाणवते. हँडल उंच आणि मागे आणले की पुढचा भाग हलका होतो आणि चाक काय करते आहे ते हातांना कमी कळते. त्यात वारा येतो. उंच हँडलवर छाती उघडी पडते, वेगात वारा चालकाला मागे ढकलतो आणि तो हँडलला ओढून धरतो. ही ओढ दोन्ही हातांनी सारखी नसते. तिची पाळी बदलत राहिली की तीच हँडलमध्ये उतरते आणि गाडी डोलू लागते.

शरीराचे गणित

मूठ, सीट आणि फूटरेस्ट या तीन बिंदूंचा त्रिकोण चालकाची बैठक ठरवतो. हँडल बदलताना त्रिकोणाचा एकच कोपरा हलतो आणि दुखणी तिथूनच सुरू होतात. बुटके हँडल बसवले आणि फूटरेस्ट जागच्या जागीच राहिले, तर पाय खुर्चीवर बसल्यासारखे आणि धड टेबलावर ओणवल्यासारखे, अशी विचित्र घडी तयार होते. कॅफे रेसरमध्ये फूटरेस्ट मागे नेलेले असतात ते यासाठीच.

बुटक्या हँडलवर मनगटे दुखतात, याचे कारण वेगात दडलेले आहे. शर्यतीत समोरून येणारा वारा छातीला उचलून धरतो आणि हातांवरचा भार कमी होतो. वाऱ्याचा हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. शहरात ताशी ३० किलोमीटरने जाताना हा आधार जवळजवळ नसतोच. मग धडाचे वजन तळहातांवर येते. ताशी १२० किलोमीटरला सुसह्य वाटणारी बैठक सिग्नलवर छळते.

हाताला मुंग्या येत असतील, तर कुठल्या बोटांना येतात हे पाहावे. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणारी अल्नर नस दाबली जात असते. मूठ त्या कडेवर टेकते तेव्हा असे होते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, तर मनगट वर किंवा खाली मुडपून तिथल्या बोगद्यातून जाणारी मीडियन नस आवळली जात असते. पहिल्यात मुठीचा तिरकसपणा बदलून पाहावा, दुसऱ्यात हँडल क्लॅम्पमध्ये थोडे पुढे-मागे फिरवून किंवा लिव्हरचा कोन बदलून. फार उंच हँडलवर वेगळाच त्रास होतो. हात हृदयापेक्षा बरेच वर राहिले की रक्त खाली उतरते आणि पंजे गार पडून जड होतात. मूठ खांद्याच्या वर जाऊ नये, हा सर्वसाधारण दंडक त्यातून आला आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या वाहतूक कायद्यांतही हँडलच्या उंचीला मर्यादा घातलेली आहे.

खरेदीआधीची सोपी चाचणी अशी. गाडी स्टँडवर उभी करून तिच्यावर बसावे, डोळे मिटावेत, हात सैल सोडून पुढे न्यावेत आणि जिथे ते आपसूक थांबतील तिथे मुठी मिटाव्यात. दुसऱ्या कोणी त्या जागेची उंची आणि रुंदी मोजून घ्यावी. कोपरे किंचित वाकलेली, खांदे खाली, मनगट सरळ रेषेत, अशी ती जागा असते. आवडलेले हँडल या जागेपासून किती दूर आहे, ते आता आकड्यांत कळते.

नळीची जाडी आणि धातू

हँडलच्या नळीच्या बाह्य व्यासाची तीन मापे प्रचलित आहेत. भारतीय आणि जपानी घडणीच्या बहुतेक गाड्यांना ७/८ इंची, म्हणजे सुमारे २२ मिमीची नळी असते. हार्ले-डेव्हिडसन आणि तिच्या वळणाच्या अनेक क्रूझरना १ इंची, म्हणजे २५.४ मिमीची. तिसरी नळी मधे २८.६ मिमी जाड असते आणि टोकांकडे निमुळती होत २२ मिमीवर येते. जाड मध्यामुळे तिला आडव्या कांबीची गरज राहत नाही. तिन्हींचे क्लॅम्प वेगळे. २२च्या क्लॅम्पमध्ये १ इंची नळी कानशीने घासून बसवणे, किंवा मोठ्या क्लॅम्पमध्ये लहान नळीभोवती पत्रा गुंडाळून आवळणे, हे दोन्ही उद्योग हँडल सुटण्याला निमंत्रण देणारे आहेत. क्लिप-ऑन घेताना शॉकअपच्या नळीचा व्यास पाहावा लागतो. जीटी ६५०ला तो ४१ मिमी आहे, जुन्या बुलेटला ३५ मिमी.

हँडल पोलादी किंवा ॲल्युमिनियमचे असते. पोलादी हँडल जड, पण पडल्यावर आधी वाकते आणि इशारा देते. ॲल्युमिनियम मिश्रधातूचे हलके असते, मात्र एकदा वाकले की सरळ करून वापरू नये. वाकताना पडलेल्या सूक्ष्म भेगा सरळ करताना वाढतात आणि नळी पुढे कधीतरी हातातच मोडू शकते. क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी हँडलवर वेल्डिंग करून आकार बदलण्याचा प्रघातही धोक्याचा आहे. सांध्याजवळच्या तापलेल्या पट्ट्यात धातूची घडण बदलते आणि तडा तिथूनच जातो. आकार बदलायचा तर मूळ नळी कापण्याऐवजी त्या आकाराची अखंड नळी घ्यावी.

हँडलच्या टोकाची वजने बिनकामाची नसतात. प्रत्येक नळीला तिची स्वतःची कंपनाची गती असते. इंजिनाची फेऱ्यांची गती तिच्याशी जुळली की मुठी झिणझिणू लागतात. टोकाला वजन असले की नळीची ही गती खाली सरकते आणि नेहमीच्या वेगात ती इंजिनाशी जुळत नाही. नवे हँडल वेगळ्या लांबीचे आणि जाडीचे असल्याने ही जुळणी दुसऱ्याच वेगाला होते. आरसे टोकाला लावण्यासाठी वजने काढून टाकली तर तोच परिणाम होतो. ‘हँडल बदलल्यापासून साठला गाडी थरथरते’ ही तक्रार बहुधा इंजिनाची नसून या नळीची असते.

वायरी आणि ब्रेकची नळी

हँडल बदलण्यात सर्वात जास्त चुका इथे होतात. क्लच आणि ॲक्सिलेटरच्या वायरी बाउडन केबल पद्धतीच्या असतात. तिचे ब्रिटिश पेटंट १८९६ सालचे. आत पोलादी तार आणि बाहेर स्प्रिंगसारखे गुंडाळलेले कवच अशी तिची रचना. तार ओढली जाते तेव्हा कवच तितक्याच जोराने दाबले जाते, त्यामुळे कवच कसेही वळले तरी आतल्या तारेची ओढ तेवढीच राहते. पण कवचालाच ताण पडला, की हे गणित बिघडते.

बिघाड दिसतो तो असा. नवे उंच हँडल बसले आहे, गाडी मधल्या स्टँडवर उभी आहे, न्यूट्रलमध्ये इंजिन संथ फडफडते आहे. हँडल सावकाश डावीकडे अडेपर्यंत फिरवले, काही होत नाही. उजवीकडे फिरवायला लागले आणि शेवटच्या दोन बोटांत इंजिनाचा आवाज चढला. ॲक्सिलेटरला कोणी हात लावलेला नाही. टीमागून जाणाऱ्या वायरीचे कवच ताणून बाहेर सरकले आणि आतली तार आपोआप ओढली गेली. रस्त्यावर हाच प्रकार यू-टर्न घेताना होतो. चालक सावकाश वळत असतो, हँडल पूर्ण वळलेले असते आणि गाडी अचानक उसळी घेते. क्लचच्या वायरीला असाच ताण पडला तर वळताना क्लच अर्धवट सुटतो आणि त्याच्या प्लेटा झिजतात.

म्हणून उंची वाढवताना वायरीची लांबी आधी मोजावी. लांबीचा अंदाज मनात न बांधता जाड विजेची वायर घ्यावी, मूळ केबल जाते त्याच वाटेने ती फिरवावी, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ती कुठेही ताणली जात नाही ना ते पाहावे आणि मग तिची लांबी घ्यावी. हँडल खाली आणताना उलट अडचण येते. वायर उरते आणि हेडलाइटपुढे तिचा फुगा तयार होतो. तो दिसायला वाईट दिसतोच, शिवाय घट्ट वळण पडले की तार कवचात घासते आणि क्लच जड होतो. अशा वेळी आखूड केबल बनवून घ्यावी किंवा वाट बदलावी.

डिस्क ब्रेकची नळी याहून नाजूक प्रकरण आहे. तिच्यातून तेल वाहते, म्हणून ती जोड देऊन वाढवता येत नाही. पूर्ण लांब नळीच बदलावी लागते. टोकांच्या पोकळ बोल्टभोवतीचे तांब्याचे वॉशर नवे घालावे लागतात आणि आत शिरलेली हवा काढावी लागते. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. आत एक बुडबुडा राहिला तरी लिव्हर स्पंजासारखा दबतो आणि ब्रेक लागत नाही. हे तेल रंग खाते, म्हणून टाकीवर जाड कापड घालावे. भारतात १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. अशा गाड्यांत नळ्या एबीएसच्या पेटीतून जात असल्याने हवा काढण्याचे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

विजेच्या वायरी हँडलच्या आतून नेल्या की बाहेरून सफाई येते. चॉपरवाल्यांची ही आवडती पद्धत. पण त्यासाठी नळीला भोके पाडावी लागतात आणि प्रत्येक भोक नळी कमकुवत करते. भोक क्लॅम्पच्या जवळ, म्हणजे सर्वात जास्त ताण येतो तिथे, पाडू नये. त्याची कड घासून गुळगुळीत करावी आणि वायरीला रबरी कडे घालावे. नाही तर थरथरीने वायरीचे वेष्टण कापले जाते आणि एखाद्या रात्री हेडलाइट विझतो.

बसवण्याचा क्रम

सुरुवात मोबाइलवर फोटो काढण्यापासून करावी, कारण कुठली वायर कशाच्या मागून जात होती हे संध्याकाळी आठवत नाही. बॅटरीची ऋण जोडणी सोडवावी आणि टाकी झाकावी. मग आरसे, टोकाची वजने, ग्रिप, स्विचबॉक्स, क्लच लिव्हर या क्रमाने भाग सुटे करावेत. ब्रेकच्या तेलाची डबी उभी ठेवूनच बाजूला बांधावी. ती उलटी लोंबकळली तर हवा आत जाते.

नवे हँडल क्लॅम्पमध्ये ठेवून बोल्ट हाताने फिरवावेत. नळीवर मध्याची खूण असते, ती क्लॅम्पशी जुळवावी, नाही तर गाडी सरळ असताना हँडल वाकडे दिसते. पुष्कळ गाड्यांत पुढचे बोल्ट आधी पूर्ण आवळायचे असतात आणि मग मागचे, म्हणजे फट फक्त मागच्या बाजूला राहते. बोल्ट किती आवळायचा याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. ८ मिमीच्या बोल्टसाठी तो साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर असतो आणि त्यासाठी टॉर्क पान्हा लागतो. नुसत्या जोरावर आवळताना ॲल्युमिनियमच्या टीमधले आटे तुटतात.

स्विचबॉक्सच्या आत एक बारीक खुंटी असते आणि मूळ नळीला तिच्यासाठी भोक असते. नव्या नळीला ते नसेल तर मापून पाडावे लागते. भोक पाडण्याचा कंटाळा करून खुंटीच कापण्याची सवय गॅरेजमध्ये दिसते. मग ॲक्सिलेटर पिळताना अख्खा स्विचबॉक्स फिरतो. ॲक्सिलेटरची ग्रिप नळीच्या टोकावर घासत असेल तर ती सोडल्यावर परत येत नाही, म्हणून टोकाशी थोडी फट ठेवावी. डावी ग्रिप साबणाच्या पाण्याने सरकवली तर ओलावा पूर्ण वाळेपर्यंत ती फिरत राहते. ग्रिपसाठी मिळणारा डिंक वापरणे बरे.

शेवटी तपासणी. हँडल दोन्हीकडे अडेपर्यंत फिरवावे आणि पाच गोष्टी पाहाव्यात. इंजिनाचा आवाज चढत नाही ना, ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, वायर टीमध्ये चिमटत नाही ना, लिव्हर टाकीला लागत नाही ना, आणि मूठ व टाकी यांच्यात अंगठा सापडत नाही ना. बुटक्या हँडलवर ही शेवटची चूक हटकून होते. तिथे वळण कमी करणारा अडसर लावतात, पण मग गाडी गल्लीत एका दमात वळत नाही. हेही पाहून पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, सावकाश मारावी आणि सुमारे शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत.

कायदा आणि विमा

मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२नुसार, निर्मात्याने मुळात दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. याच कलमाच्या स्पष्टीकरणात, वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतला बदल म्हणजे फेरबदल, अशी व्याख्या आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

नोंदणी पुस्तकात इंजिन, चॅसी, रंग, आसनसंख्या असे तपशील असतात. हँडलच्या उंचीचा रकाना त्यात नसतो. थोडी वेगळी नळी बसवलेल्या गाडीकडे वाटेत कोणी लक्ष देत नाही ते त्यामुळे. पण प्रत्येक मॉडेल विक्रीला येण्याआधी तपासून मंजूर होते, आणि पुण्यातली एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था असे प्रमाणीकरण करणाऱ्यांपैकी एक आहे. मंजूर झालेली गाडी तिच्या मूळ हँडलसह मंजूर झालेली असते. त्यामुळे कंपनीने त्याच मॉडेलसाठी अधिकृत सुटा भाग म्हणून विकलेले हँडल सर्वात सुरक्षित. आरसे काढणे, इंडिकेटर न दिसणे किंवा टी कापणे हे मात्र उघड उल्लंघन ठरते. बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा पुढे येऊ शकतो, म्हणून तो पॉलिसीत लेखी नोंदवून घ्यावा.

मूळ हँडल, त्याच्या केबल, ब्रेकची नळी आणि टोकाची वजने एकत्र बांधून, चिठ्ठी लावून ठेवावीत. फेरतपासणीला, गाडी विकताना किंवा नवी बैठक दोन महिन्यांनी अंगाला नकोशी झाली तर हाच गठ्ठा उपयोगी पडतो.